तिसऱ्या भागाची अट

सुमंत इनामदार सरांचा नियम अठरा वर्षं त्यांच्या कपाटात सुखाने पडून होता. त्याला तिथून बाहेर काढायची खाज मला सुटली, म्हणून पुढचं सगळं झालं.

मी तेव्हा हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवत होते आणि हुबळी-धारवाडच्या मधे नवनगरला राहत होते. त्यामुळे हुबळीची माणसं मला धारवाडची समजत आणि धारवाडची हुबळीची. सर धारवाडच्या मळमड्डीचे. एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यातही जीव तर्कशास्त्रात, ज्याच्या तासाला मुलं हजेरीपुरती येऊन बसत. एका चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत त्यांनी मला विचारलं, काय शिकवतेस म्हणून. मी सांगितलं की आता मोठा प्रोग्रॅम कुणी एकहाती लिहीत नाही. चार जणांनी लिहिलेले सुटे भाग आणायचे आणि जोडायचे. रड एवढीच की एकेकटा भाग शहाणा असतो आणि एकत्र आले की भांडतात. सर ताट हातात धरून तिथेच उभे राहिले. मागची माणसं कुरकुरायला लागली तरी हलेनात.

"ह्याच्यावर माझ्याकडे एक नियम आहे की," ते म्हणाले. "ऐंशी सालचा."

नियम ऐकायला सोपा होता. प्रत्येक भागाने दोन याद्या द्यायच्या: मला काय लागतं आणि मी काय देतो. जिथे प्रोग्रॅम चालणार त्या जागेनेही आपली यादी द्यायची. प्रत्येकाला जे लागतं ते बाकीच्यांपैकी कुणीतरी देत असेल, तर जोडलेला प्रोग्रॅम मधेच अडणार नाही. हे सरांनी चाळीस पानांत सिद्ध केलं होतं. दोन नियतकालिकांना पाठवलं, दोन्हीकडून परत आलं. एकाने लिहिलं होतं, याचा उपयोग काय ते कळत नाही. त्यानंतर सर त्याबद्दल घरीसुद्धा बोलायचे बंद झाले, असं त्यांच्या पत्नी कुसुमावतीकाकूंनी मला सांगितलं.

दर शनिवारी मी फ्लॉपी पिशवीत टाकून मळमड्डीला जाऊ लागले. प्रोलॉग नावाची संगणकाची एक भाषा आहे. तिच्यात हे कर, ते कर असे हुकूम सोडायचे नसतात. खरं काय ते नुसतं सांगायचं. सर चौसष्टाव्या वर्षी तिच्या प्रेमात पडले. मी प्रोग्रॅम लिहायचा आणि त्यांनी त्याची हाडं मोजायची, असं दीड वर्ष चाललं. 'साधारणपणे' हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. एकदा मी म्हटलं, "सर, साधारणपणे हा भाग आधी सुरू होतो." तर म्हणाले, "साधारणपणे पोरं पास होतात. तू झालीस का नाही, तेवढं सांग." अशा माणसाबरोबर काम करताना डोकं उठतं, पण काम नीट होतं. शेवटी याद्या तपासणारा आमचा प्रोग्रॅम तयार झाला. त्याचं नाव आम्ही तपासनीस ठेवलं.

पुण्याच्या एका संशोधन गटाला तो आवडला. गटाचा प्रमुख साकेत दामले माझ्याच वयाचा, बोलायला गोड आणि कामाला कडक. जोडकाम करू म्हणाला, पण आधी परीक्षा. गावाला पाणी सोडण्याचं वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्रॅम चार भागांतून जोडायचा. तीन भाग पुण्याचे आणि एक, तिसऱ्या क्रमांकाचा, माझा. त्याने टाक्यांकडून येणारे निरोप गोळा करायचे. तपासनीस 'बसतं' म्हणाला, तर तो प्रोग्रॅम पुण्यात सलग सहा दिवस न अडता चालला पाहिजे. चालला, तर सरांचा नियम खरा धरून पुढचं तीन वर्षांचं काम त्यावर उभं करायचं. नाही चालला, तर नमस्कार.

आम्ही हुबळीत महिनाभर चालवून पाहिला. तपासनीस म्हणाला, 'बसतं.' मशीनही काही बोललं नाही. पुण्यात तिसऱ्या दिवशी बंद पडला.

साकेतने मेल पाठवली, ती सभ्य होती आणि म्हणूनच जास्त लागली. त्याने लिहिलं होतं की कारण कळेपर्यंत त्यांना नियमच चुकीचा धरावा लागेल. मी ती छापून सरांना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि कपाटातून चाळीस पानं काढली.

पुढच्या शनिवारी गेले तर सर दाढी न करता बसलेले. सतराव्या पानापर्यंत आले होते. "इथं एक पायरी मला आता पटेना झालीय," ते म्हणाले. मला ती पायरी चांगली पटत होती, पण माझं ऐकतो कोण. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "जेवणात लक्ष नाही बघ ह्यांचं. तू तरी कशाला काढलंस ते पुन्हा?" खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

पुढच्या आठवड्यात हुबळीला तीन दिवसांचं कसलंसं मोठं संमेलन भरलं आणि दोन-तीन मंत्री मुक्कामाला आले. मंत्री आले की करंट जात नाही. एरवी उन्हाळ्यात रोज दोन ते चार लोडशेडिंग. आमच्या प्रयोगशाळेतला यूपीएस जेमतेम दहा मिनिटांचा, तेवढ्यात सगळी मशीनं नीट बंद करायची आणि चार वाजता पुन्हा लावायची, हे आम्ही दात घासावेत तसं करायचो. मंगळवारी दोन वाजले, करंट गेला नाही. प्रयोगशाळा सांभाळणारा हणमंत खुर्चीवर अवघडून बसला. "येनु माडोद्री मॅडम, काय करायचं आता, हातच मोकळे पडले," म्हणाला. बुधवारीही तेच. गुरुवारी दुपारी मी डबा खाऊन आले, तर आमचा तोच प्रोग्रॅम अजून चालवत असलेलं मशीन गोठलेलं. पुण्यात दिसला होता तोच संदेश पडद्यावर.

मी माझ्या भागाचा छापील प्रोग्रॅम काढून वाचला आणि मग मला सगळं कळलं. टाक्यांकडून आलेला एकही निरोप माझा तिसरा भाग टाकून देत नव्हता. सगळे साठवत बसायचा. हुबळीत रोज दुपारी मशीन बंद व्हायचं आणि त्याची पाटी कोरी व्हायची. पुण्यात जनरेटर होता, मशीन बंदच झालं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या भागाचं पोट फुटलं. मला काय लागतं या यादीत मी अकरा अटी लिहिल्या होत्या. दिवसातून एकदा करंट जायला हवा, ही बारावी लिहायची राहिली. ती अट आहे हे मला सुचलंच नव्हतं. करंट जातो हे कुणी लिहून ठेवतं का?

निरोप टाकून द्यायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या घालून, गुपचूप नवी फ्लॉपी पुण्याला पाठवावी आणि काहीतरी किरकोळ होतं म्हणून सांगावं, असं माझ्या मनात आलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. रात्रभर मी तो विचार चघळला. पण सर सतराव्या पानावर अडकले होते, आणि ते माझ्यामुळे.

शुक्रवारी सकाळीच मी मळमड्डीला पोचले आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. सरांनी एकच विचारलं, "म्हणजे सिद्धता?"

"सिद्धता बरोबर आहे, सर. मीच यादी अर्धवट दिली."

"म्हणजे ह्यांची चूक नाही?" काकू दारातून म्हणाल्या.

"नाही काकू. माझी."

काकू माझ्यावर रागावल्या आणि खूश झाल्या, दोन्ही एकाच वेळी, आणि चेहऱ्यावर दोन्ही दिसू दिलं. सर मात्र चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "मी सोमवारी साकेतला पत्र टाकलं. रजिस्टर्ड. माझा नियम चुकीचा आहे, तो मी मागे घेतो म्हणून."

माझं डोकं फिरलं. "मला न विचारता?"

"नियम माझा होता की."

मी फोन ओढला आणि पुणं लावलं. पत्र आदल्या दिवशीच पोचलेलं. साकेत म्हणाला, "समोरच आहे. दुपारी बैठकीत वाचून दाखवणार होतो."

"वाचू नकोस. आधी तपासनीस सुरू कर. माझ्या तिसऱ्या भागाच्या यादीत एक अट वाढव: दिवसातून एकदा मला बंद करायला हवं. आणि जागेच्या यादीत लिही: इथे मशीन बंद होत नाही."

सर माझ्या शेजारी येऊन रिसीव्हरला कान लावून उभे राहिले. पलीकडून कळा बडवल्याचा आवाज आला.

"तिसरा भाग बसत नाही," साकेतने वाचलं. "कारण: अट बारावी."

"आता जागा बदल," सर एकदम म्हणाले. "रोज दोन ते चार करंट जातो, असं घाल."

पुन्हा कळा. "बसतं," साकेत म्हणाला, आणि हसायलाच लागला. हसू आवरल्यावर त्याने विचारलं, "सर, तुमचं पत्र म्हणतं नियम खोटा. तुमचा नियम म्हणतो पत्र खोटं. मी कुणाचं ऐकू?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी काकूंनीच पुढे होऊन रिसीव्हर घेतला. "पत्र फाडून टाका," त्या म्हणाल्या, "आणि फाडलं म्हणून परत फोन करून सांगा."

त्याने अर्ध्या तासात सांगितलं. पुढची तीन वर्षं ते जोडकाम चाललं आणि अजून लोक त्यावर काम करतात. पहिल्या निबंधात उदाहरण म्हणून काय द्यायचं यावर मात्र आमचं जोरदार भांडण झालं. सरांना माझा तिसरा भागच हवा होता, आणि तो लिहिणाऱ्याच्या नावासकट. मी म्हटलं, नाव कशाला, एक प्राध्यापक म्हणा. सर ऐकेनात. "अठरा वर्षं हा नियम कुणी चालवून बघितला नव्हता," ते म्हणाले. "तू बघितलास आणि तुझ्याच चुकीनं तो खरा ठरला. ते नाव मी गाळू होय?"

तिसऱ्या पानावर छापून आलं: निवेदिता कट्टी यांनी लिहिलेला भाग, जो करंट गेला तरच चालतो. माझ्या आईने ते पान जपून ठेवलंय आणि घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवते.