दोन योहान

अडतीस वर्षं मी गुरांच्या वंशावळी लिहिल्या. आमच्या वेस्टफालियातल्या गोपैदास संघाच्या कचेरीत माझं टेबल होतं. कुठल्या वळूचा आजा कोण, कुठल्या गाईची पणजी किती दूध द्यायची, सगळं मला तोंडपाठ असायचं. कागद अपुरा असेल तर मी जनावर नोंदवत नसे. शेतकरी वैतागायचे. "अरे एवाल्ड, गाय समोर उभी आहे, तिच्याकडे बघ ना!" मी म्हणायचो, "गाय दिसते हो, तिचा बाप दिसत नाही." त्यांना मी खडूस वाटायचो, आणि होतोच.

माझी बायको वालबुर्गा गेली तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. आम्हाला मूलबाळ नव्हतं, मला भाऊबहीण नव्हतं. रविवारी दुपारी चार वाजले की आमच्या गावात घराघरातून कॉफीचा वास येतो, टेबलावर केक मांडलेला असतो, लेकी-जावई आलेले असतात. एकट्या माणसासाठी कुणी केक भाजत नाही. मी खिडकीत उभा राहून समोरच्यांच्या अंगणात किती गाड्या लागल्यात ते बघायचो. त्या चार वाजण्याची मला भीती वाटायची, शनिवारपासूनच वाटायची. शेवटी मला जे एकच काम येत होतं ते मी हातात घेतलं. गुरांची झाली होती, आता स्वतःची वंशावळ.

आमचं आडनाव ब्रिंकहेगे. जगात फार नाहीत आम्ही. सगळे एकाच शेतघरातून निघालेले, आणि ते घर गावाबाहेर अजून उभं आहे. माझ्या आजोबांनी ते विकलं. आता तिथे लुडगर आवरबेक नावाचा माणूस घोडे पाळतो, आणि गाव त्यालाच ब्रिंकहेगे म्हणतं! आमच्याकडची ही जुनी रीत. नाव घराचं असतं, जो त्या घरात नांदेल त्याला ते चिकटतं. बेकरीतली बाई आवरबेकला विचारायची, "काय ब्रिंकहेगे, आज किती पाव?" आणि त्याच्यामागे रांगेत मी, जन्माचा ब्रिंकहेगे, मला नुसतं "एवाल्ड". माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वालबुर्गा हसायची. "घोडे त्याच्याकडे आहेत आणि फुरफुरतोस तू!"

चर्चच्या जुन्या वह्यांमधून मला पहिल्यांदा सापडले ते दोन भाऊ. त्या काळी आमच्याकडचे गरीब लोक उन्हाळ्यात गवत कापायला हॉलंडला जायचे. हे दोघे गेले ते परत आलेच नाहीत. एकानं ग्रोनिंगेनला संसार थाटला. दुसरा जहाजावर चढून डेन्मार्कला गेला आणि त्याचा नातू तिथून रीगाला. तिसरा भाऊ योहान, तो घरी राहिला, शेत त्याच्याकडे आलं. त्याच्यापासून आम्ही. सात वर्षं मी पत्रं लिहिली. टेलिफोनच्या यादीत जिथे जिथे आडनाव दिसलं तिथे लिहिली.

पहिला फोन आला तो रेन्स्केचा, ग्रोनिंगेनहून. सुईणीच्या कामातून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, माहेरचंच आडनाव लावणारी.

"तुम्हीच का ते एवाल्ड? अहो, माझ्या नवऱ्यानं लग्नाआधीसुद्धा एवढं लांब पत्र लिहिलं नव्हतं मला."

"बाई, पुरावे जोडायचे होते म्हणून जरा…"

"बाई काय? चुलत भावंडं ना आपण? मी तर तुला अरे-तुरेच करणार. तूही कर."

मग ती दर रविवारी चारला फोन करायची. मी केक आणायला लागलो. एकच तुकडा, पण बशीत काढून, काट्या-चमच्यासकट. ती विचारायची, "आज कुठला?" मी सांगायचो, "सफरचंदाचा." ती म्हणायची, "चोर कुठला, एकटाच खातोस!" हे ऐकून मला किती बरं वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

हळूहळू चौतीस माणसं जमली. डेन्मार्कचा आस्गर, दातांचा डॉक्टर, पत्रातसुद्धा खो-खो हसणारा. रीगाच्या दोघी बहिणी. आणि बेल्जियमचा लांबेर, काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. लांबेर वर्षभर मला पत्रं लिहीत होता. 'प्रिय भाऊ' असं वर आणि खाली कुत्र्याची खबरबात. मी पाठवलेली वंशावळ त्यानं चौकट करून भिंतीवर लावली होती. मग मला एक कागद सापडला. त्याचा पणजोबा हा ब्रिंकहेगे घराण्यातल्या माणसाचा सावत्र मुलगा होता. आईबरोबर आलेला, नाव लावलेलं, रक्त दुसरंच. मी लांबेरला चार ओळी धाडल्या. 'आपण आमच्या वंशातले नसल्याचे सिद्ध झाल्याने आपले नाव यादीतून कमी करीत आहे. कळावे.'

रेन्स्के भडकली. "एवाल्ड, माणूस आहे तो, कालवड नाही!"

"नियम तो नियम," मी म्हणालो. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मे महिन्यात सगळ्यांनी आमच्या गावात जमायचं ठरलं. खानावळीचं सभागृह घेतलं, सहा मीटर लांबीची वंशावळ मी स्वतःच्या हातानं लिहिली. तीस-पस्तीस माणसं मला भाऊ, काका म्हणणार होती, माझ्या शेजारी बसून जेवणार होती. म्हाताऱ्यानं पोरासारखी नव्या कपड्यांची वाट पाहावी? मी पाहिली.

तीन आठवडे उरले असताना एक फट राहिली होती. माझ्या योहानच्या लग्नाची नोंद आमच्या चर्चच्या वहीत नव्हती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, राहू दे. मी म्युन्स्टरला बिशपांच्या दफ्तरात गेलो आणि शेजारच्या गावाच्या वह्या मागवल्या. दुपारपर्यंत नोंद सापडली. सन १७८२. 'योहान कोक, यापुढे ब्रिंकहेगे, याचा विवाह दिवंगत योहान ब्रिंकहेगे यांची विधवा अन्ना हिच्याशी.'

मी ती ओळ चारदा वाचली. एकाच घरात, एकाच बाईचे दोन नवरे, आणि दोघांचं नाव योहान ब्रिंकहेगे. मी त्यांना एकच माणूस समजून बसलो होतो. पहिला योहान खरा, त्या दोन भावांचा भाऊ. तो निपुत्रिक मेला. दुसरा कोक नावाचा शेतगडी. घरजावई यावा तसा विधवेच्या घरात आला आणि रीतीप्रमाणे घराचं नाव लावून बसला. दोन वर्षांत अन्नाही गेली, तिलाही मूल नाही. कोकनं दुसरी बायको केली. त्या दुसरीची लेकरं म्हणजे आम्ही. म्हणजे रेन्स्के खरी ब्रिंकहेगे, आस्गर खरा ब्रिंकहेगे, रीगाच्या बहिणीही. आणि आवरबेक जेवढा ब्रिंकहेगे, तेवढाच मी.

दफ्तरातल्या बाईंनी विचारलं, "मिळालं का हवं ते?"

"मिळालं."

"मग चेहरा असा का पाडलाय? लोक इथे नाचायचे बाकी असतात."

मी वही मिटून परत दिली. नदीचं मूळ आणि कुळाचं मूळ शोधू नये म्हणतात ते उगीच नाही. पण मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

लपवणं सोपं होतं. ते पान दोनशे पस्तीस वर्षं कुणी वाचलं नव्हतं, अजून दोनशे वर्षं वाचलं नसतं. रविवारी रेन्स्केचा फोन आला, आम्ही पावसापाण्याचं बोललो. दुसऱ्या रविवारीही तेच. केक बशीतच राहायचा. तिसऱ्या रविवारी, तिचा फोन ठेवल्यावर मी लांबेरचा नंबर लावला. का, ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला कुणीतरी 'असू दे' म्हणायला हवं होतं.

"मी एवाल्ड बोलतोय."

"तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी भिंतीवरची चौकट काढली. खिळा अजून आहे. काय हवंय?"

"माझी चूक झाली, लांबेर. तुम्ही मेळाव्याला या."

"का? आता मी तुमचा झालो?"

"नाही. मीच त्यांचा राहिलो नाही." आणि मी त्याला दोन योहानांची हकीकत सांगितली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मला तर तुम्ही लगेच सांगितलं होतंत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मेळाव्याला तेहतीस जण आले, लांबेर आला नाही. मिठ्या, गालांचे मुके, लहान मुलांची पळापळ. आमच्या गावात लग्नाला आणि मयताला जो लोण्याचा केक असतो तो मी चार पराती मागवला होता. रेन्स्के प्रत्यक्षात माझ्या कल्पनेपेक्षा बुटकी निघाली. तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "असा आहेस होय! फोनवर तू लठ्ठ वाटतोस." मी हसलो, आणि मला रडू येईल असं वाटलं.

जेवणानंतर मी वंशावळीसमोर उभा राहिलो. भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. मी पेन्सिल घेतली, योहानच्या नावाखालून माझ्यापर्यंत येणारी रेघ आडवी खोडली आणि काय झालं ते पाच मिनिटांत सांगून टाकलं. मग मी खाली बसलो.

पहिला बोलला तो आस्गर. "म्हणजे दीडशे वर्षं आमच्या घरात भाडेकरू राहत होता म्हणायचं!" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं हसलो. मग कुणीतरी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, "कमाल प्रामाणिक माणूस." रीगाच्या थोरल्या बहिणीनं आभार मानले. सगळी माणसं चांगली होती, शब्दानं कुणी दुखावलं नाही. पण दुपारभर जे मला काका म्हणत होते ते आता "मिस्टर एवाल्ड" म्हणायला लागले. सहज, कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

रेन्स्के मात्र हसली नाही. ती कॉफीचा कप घेऊन शेजारी बसली.

"कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

"तीन रविवार. आणि तू माझ्याशी पावसाच्या गप्पा मारत बसलास?"

"तू फोन बंद करशील असं वाटलं."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. पण तिला लागलं होतं. सुईण होती ती, तिच्यापासून आयुष्यात कुणी काही लपवलं नसेल. ती कप घेऊन उठली.

संध्याकाळी सगळे जुन्या घराकडे चालत गेलो. आवरबेक घोडे घेऊन स्पर्धेला गेला होता, त्यानं फाटक उघडं ठेवलं होतं. दरवाज्यावरच्या तुळईवर आमचं, म्हणजे त्यांचं नाव कोरलेलं आहे. आस्गर ओरडला, "चला, आता घराण्याचा फोटो! तुळईखाली या सगळे!" माणसं गोळा झाली, उंच मागे, पोरं पुढे. मी कुठे उभं राहावं ते बघत होतो, तेवढ्यात त्यानं आपला फोन माझ्या हातात दिला.

"तू काढशील का, एवाल्ड? तुझा हात स्थिर दिसतोय."

त्यात खोच नव्हती. फोटो कुणीतरी काढायचाच होता, आणि मी तेवढा बाहेरचा होतो. मी दहा पावलं मागे गेलो. फोनच्या काचेत तेहतीस चेहरे आले. त्यातल्या प्रत्येकाची जन्मतारीख मला पाठ होती.

दुसऱ्या रांगेत रेन्स्के उभी होती. तिच्या आणि आस्गरच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा तिनं रिकामी धरली होती. कोट काढून हातावर घेतला होता आणि कोपर बाहेर काढून ती जागा अडवली होती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं बघत होती, पण बघत होती.

त्या फोनमध्ये दहा सेकंदांची सोय असते, हे मला माहीत होतं. फोन भिंतीवर टेकवायचा, बटण दाबायचं आणि चालत जाऊन उभं राहायचं. दहा सेकंद मला पुरले असते. लांबेरला मी दहा सेकंद दिले नव्हते.

"रेन्स्के," मी म्हणालो, "मध्ये जागा राहिलीय. जरा सरक."

ती हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका हो, ऊन जातंय." मी फोन तसाच धरून उभा राहिलो. मग तिनं कोपर आत घेतलं आणि सरकली, आणि मी फोटो काढला.