उसना पिलावा

सासूबाईंच्या जिभेपेक्षा मधमाशीचा डंख परवडला, असं त्यांचा मुलगाच म्हणायचा. माशी निदान एकदाच चावते.

भिंतीलगत मधपेट्या होत्या. कडेची सासूबाईंची, बाकीच्या सुनेच्या. माशांना गोचिडासारखे तांबडे किडे लागतात, म्हणून सून आपल्या पेट्यांत औषधाच्या पट्ट्या ठेवायची. सासूबाईंनी आपल्या पेटीला कधी औषध लावू दिलं नाही. भरल्या घराला कसला रोग, म्हणायच्या. पेटी होतीही भरलेली. मध मागायला येणाऱ्यांना त्या मान वर करून द्यायच्या.

सुनेची एक पेटी औषधानं सावरली, पण माशा मोजक्याच उरल्या. अशा पेटीला भरल्या पेटीतला पिलावा, म्हणजे पिल्लांनी भरलेली पोळ्याची चौकट, देतात. सासूबाईंनी आपली दिली. आधी तुमची पेटी तपासू या, एवढंच सून हळू आवाजात म्हणाली.

"माझ्या पोराला पदरात घेताना तपासलं होतंस का?" सासूबाई म्हणाल्या. चौकट आत गेली.

किडे लपतात ते पिल्लांच्याच घरात, मेणाच्या झाकणाखाली. पिल्लं बाहेर आली ती चुरगळलेल्या पंखांची. पेटीपुढच्या फरशीवर नुसती चालत राहायची. मग सुनेची ती पेटी रिकामी झाली.

आज सुनेनं सासूबाईंच्या पेटीतल्या मूठभर माशा बरणीत घेतल्या, अंगावरचे किडे सुटावेत म्हणून पिठीसाखर घालून घोळवल्या आणि जाळीच्या झाकणातून साखर पांढऱ्या ताटात झाडली. ताटात मोहरी सांडावी तसे तांबडे ठिपके पडले. काही चालत होते.

सासूबाईंनी ताट हातात धरलं. आपल्याला राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. रडूही नाही. हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे दिसत होते. सून काही बोलली असती, तर उत्तर तरी सुचलं असतं.

त्यांनी ताट खाली ठेवलं, स्वतःच पेटीचं झाकण काढलं आणि बाजूला झाल्या. सुनेनं चौकटींच्या मधे पट्ट्या अडकवल्या.

"आई, आता औषध लागलंय, या पेटीचा मध यंदा कुणाला देता यायचा नाही. लोक आले तर काय सांगू?"

"सांग, म्हातारीची पेटी आजारी आहे."

फरशीवरून चुरगळल्या पंखांची एक माशी त्यांच्या बोटावर चढली. त्यांनी झटकली नाही. ती चावलीही नाही.