लाल दोऱ्याच्या गाठी

आई येणार म्हटल्यावर शाओपेईने घराला संसाराचं सोंग चढवलं. चिंगरू, त्याची कागदावरची बायको, सकाळीच ब्रश, चपला आणि चार कपडे घेऊन आली. एरवी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या प्रेयसीबरोबर, मानलीबरोबर राहायची. शाओपेईच्या जिवाचा माणूस वेनखाई, तो आपली बॅग उचलून निघाला. दोघं जिन्यात भेटले. "सांभाळ गं त्याला," वेनखाई म्हणाला. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

आईबरोबर आत्याही टपकली. शेनयांगची थंडी, त्यात आत्याचे गुडघे! बसल्या बसल्या म्हणाली, "सूनबाई, पायावर घ्यायला दे गं काहीतरी."

पांघरुणं कुठे असतात ते चिंगरूला काय ठाऊक? तिने एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं.

"अगं, घर तुझंच ना?" आत्या हसली.

शाओपेई घाबरून उठला आणि माळ्यावरून हाताला लागली ती रजई ओढून घेऊन आला.

लाल रेशमी रजई. आईने लग्नासाठी शिवलेली, कोपऱ्यांत सुकी बोरं आणि शेंगा घालून, लाल दोऱ्याने बांधलेली. तो दोरा नवराबायकोने पहिल्या रात्री सोडायचा असतो. गाठी जशाच्या तशा होत्या.

आत्याने दोरा बोटाने उचलला. "अगंबाई! हे काय रे?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं शाओपेईला झालं.

"मी... मीच बांधली परत," आई म्हणाली. "उन्हाळ्यात आले होते ना, ऊन दाखवलं तेव्हा."

उन्हाळ्यात आई आलीच नव्हती. पोटदुखीचं एक खोटं सांगितलं म्हणून याच बाईने त्याला लहानपणी दिवसभर अंगणात उभं केलं होतं. आता तिने गाठी दातांनी सोडल्या आणि रजई नणंदेच्या पायांवर पसरली.

नंतर तो स्वयंपाकघरात गेला. चिंगरू कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. आई एकटीच डंपलिंग वळत होती.

"आई, मी..."

"हळू बोल." तिने वर पाहिलं नाही. "आधी सांगायचंस रे. घरूनच काहीतरी ठरवून आले असते. तिथे ऐन वेळी माझी जीभ कशी लटपटली, पाहिलंस ना?"

शाओपेईला रडूही येईना. शरमेने त्याचे कान नुसते जळत होते.

आईने पिठाचे हात चिंगरूच्या हातांना पुसले, तिच्या बोटांवर पीठ नीट दिसतंय का ते पाहिलं, आणि बाहेर आवाज दिला, "वन्सं, या बरं जेवायला! आज सगळं सुनेनं केलंय."

या वेळी तिची जीभ जरासुद्धा लटपटली नाही.