ड्राय बाल्कनीचा वाकडा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गुण्या आहे. गवंडी ज्याने काटकोन तपासतात ना, तोच मी. दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात जोडल्या की झाला गुण्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका कारागिराने मला घडवलं आणि वामन मिस्त्रींनी विकत घेतलं. त्यांच्यासोबत वाशीतल्या कितीतरी घरांत मी फिरलो. मला कोपऱ्यात टेकवून ते म्हणायचे, "भिंत गुण्यात आहे." हे ऐकलं की माझी छाती फुगायची.

पण गेल्या वर्षभरात मिस्त्रींनी मला पिशवीतून काढलं ते फक्त रंगाचे डबे उघडायला. "डोळ्यांनीच दिसतं मला," असं ते म्हणत. मला मात्र दिसत होतं, की त्यांच्या रेषा हल्ली तिरक्या पडतात. सांगणार कसं? लोखंडाला तोंड नसतं.

त्यांच्या मुलीचं, दीक्षाचं, घर ऐरोलीला आहे. तिच्या ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या छोट्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनसमोर पाणी साचायचं. दीक्षाला सातवा महिना लागला होता आणि एकदा ती तिथे घसरता घसरता वाचली. मिस्त्रींनी जुनी फरशी काढून टाकली. नव्या निळ्या फुलांच्या लाद्या चोवीसच मिळाल्या. दुकानदार म्हणाला, हे डिझाइन आता येणार नाही.

दीक्षाने वहीत आखणी केली होती. दाराशी अख्ख्या लाद्या, कापलेले तुकडे मशीनखाली, उतार पाणी जायच्या जाळीकडे. ती म्हणाली, "बाबा, आधी कोरड्या मांडून बघू या ना."

"तू टेन्शन नको घेऊ. चाळीस वर्षं हेच करतोय मी."

आणि त्यांनी डाव्या भिंतीला धरून थेट सिमेंटवर लाद्या बसवायला घेतल्या. मित्रांनो, ती भिंतच वाकडी होती! मला एकदा टेकवलं असतं तरी कळलं असतं. मी पिशवीत नुसता चडफडत पडलो होतो. पहिली ओळ उंबऱ्याला एका टोकाला चिकटली आणि दुसऱ्या टोकाला बोटभर फट राहिली. फट भरायला मिस्त्री लादीची चिंचोळी पट्टी कापू लागले. पहिली तुटली. दुसरी तुटली. तिसरी कापताना कटर रेषेवरून घसरला.

"लादीच भिकार आहे!" मिस्त्री ओरडले.

दीक्षाने पिशवी उपडी केली, मला उचललं आणि पदराने पुसलं. मग स्टुलावर बसून तिने मला कोपऱ्यात टेकवलं. भिंत आणि माझी पट्टी यांच्यात तिचं बोट सहज गेलं.

"बाबा, भिंत वाकडी आहे. पण तुम्हाला हे दिसलं कसं नाही?"

मिस्त्रींनी कटर खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला एका रेषेच्या दोन दिसतात गं. वर्ष झालं. कोणाला सांगितलं असतं तर काम कोण देणार?"

दीक्षाचे डोळे भरले. तरी ती म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. आधी सिमेंट घट्ट व्हायच्या आत लाद्या काढा."

तिने मला उंबऱ्याशी धरून ठेवलं आणि मिस्त्रींनी माझ्या कडेने नवी रेष मारली. उरलेल्या एकवीस लाद्या त्यांनी आधी कोरड्या मांडल्या. डाव्या कडेच्या लाद्या तिरक्या कापाव्या लागल्या, पण त्या मशीनखाली झाकल्या गेल्या. आता एकही चूक परवडणार नव्हती. कापायची प्रत्येक रेष दीक्षा बघायची, मगच कटर चालायचा.

दोन दिवसांनी दीक्षाने तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ जाळीत गेलं. मिस्त्रींच्या डोळ्यांचं ऑपरेशन आता पुढच्या महिन्यात आहे.

माझ्या मनात राग अजून आहे, मित्रांनो. तीन सुंदर लाद्या फुकट गेल्या आणि एक माणूस वर्षभर एकटाच घाबरत राहिला. तुमच्या घरी कोणी मोठं माणूस कामात चुकून चिडचिड करू लागलं, तर त्याच्यावर हसू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला नीट दिसतंय ना?"