पावणेदोनशे टक्क्यांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. संगणकाचा, टेबलावरचा. जरा मागे सरकून बसा, मी तिथूनही नीट दिसतो. आता दिसतो. पूर्वी दिसत नव्हतो, त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यात माझ्या अंगावर जवळजवळ त्र्याऐंशी लाख ठिपके बसवले. शेजारच्या रांगेतल्या पडद्यांना याच्या पाव. मी तिथंच थोडा शेफारलो.

१०० टक्के

एका छोट्या छापखान्यात माझी पहिली नोकरी. तिथं मुलांची पुस्तकं व्हायची. एक मावशी छापण्याआधीची प्रूफं तपासायच्या आणि त्यांची भाची पानं जुळवायची. मावशींनी तीस वर्षं कागदावर लाल पेनानं चुका पकडल्या होत्या. मी आलो आणि मालकांनी कागदी प्रूफंच बंद केली.

मला सुरू केलं. सगळे खूश! चित्रातल्या गवताचं पातं न् पातं दिसत होतं.

मग मावशी बसल्या. अक्षरं खसखशीएवढी. कुणी विचारलं, तर म्हणाल्या, झकास आहे. आणि सगळ्यांची पाठ वळल्यावर त्यांनी गुपचूप पुस्तकातलीच अक्षरं मोठी केली, वाचली, आणि पुन्हा लहान करायची विसरल्या.

अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक एकशे बारा पानांचं होऊन छापून आलं. मालक गठ्ठा घेऊन दारात उभे. "हे मुलांसाठी आहे की हत्तींसाठी?"

छापखाना पोट धरून हसला. मावशीही हसल्या. मग पेनाला टोपण लावून भाचीला हळूच म्हणाल्या, "डोळे गेले गं माझे. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघा."

धूसर

भाचीनं उपाय केला. माझं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रासाठी वापरायच्या ठिपक्यांची संख्या, कमी केलं. अक्षरं मोठी झाली खरी, पण माझे बरेचसे ठिपके आपल्या शेजाऱ्याचीच नक्कल करत बसले. अनुस्वार अक्षरांत विरघळले. मावशी म्हणाल्या, बघ, चष्म्यातूनही अंधुकच. डोळेच गेलेत.

मित्रांनो, दोष माझ्या मांडणीचा होता, आणि त्या तो स्वतःच्या डोळ्यांवर घेत होत्या. मला तोंड असतं तर!

दोन दिवस मी फडक्याखाली होतो. तिसऱ्या दिवशी मालकांनी औषधाची पट्टी आणली. तारीख संपलीय का, त्यांना वाचता येईना. मावशींनी पट्टी हातात घेतली आणि तारीख, किंमत, खालचा बारीक मजकूर घडाघडा वाचून टाकला.

भाची बघतच राहिली. "डोळे गेले म्हणतेस, आणि हे वाचतेस?"

२०० टक्के

फडकं उडालं. भाचीनं डिस्प्ले सेटिंग्ज उघडल्या, रिझोल्यूशन पुन्हा पूर्ण केलं, आणि त्याखालच्या 'स्केल'वर गेली, म्हणजे अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची त्या मापावर. दोनशे.

अहाहा. अक्षर दुप्पट, आणि कडा कापून ठेवल्यासारख्या! जिथं एक ठिपका राबायचा, तिथं आता चार.

पण माझ्या शेजारी त्याच संगणकाला जोडलेला एक छोटा पडदाही होता, त्याची गंमत झाली. त्यालाही दोनशेच लागलं. त्याच्यावर दोन बटणांतच जागा संपली. आमचा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालायचा, आणि पडदे चालवायची तिची जुनी पद्धत दोघांनाही एकच माप देत होती. भाची लॉगआउट झाली, लॉगिनच्या पानावर कोपऱ्यातल्या चाकाच्या चिन्हातून 'वेलँड' ही नवी पद्धत निवडली आणि परत आली. आता ज्याला त्याला आपापलं माप. त्याला शंभर, मला दोनशे.

मावशी बसल्या. "एवढं मोठं? मला काय अ आ इ शिकवतेस?"

१७५ टक्के

पावणेदोनशेवर तह झाला.

मावशी नवं पुस्तक वाचू लागल्या. पान एक. पान दोन. भाचीनं ते पुस्तक दोनदा तपासलं होतं. चौथ्या पानावर मावशी थांबल्या.

"चित्रात पिल्लं चार आहेत. मजकुरात तीनच."

भाचीनं मोजली. चार. इतकी मोठी चूक निघाल्यावर इतकं आनंदानं हसलेलं मी कुणाला पाहिलं नाही. मालक आतून ओरडून विचारत होते, पुढच्या महिन्याचं काम कुणाला द्यायचं? मावशींनी मान वर न करताच सांगितलं, "आणून ठेवा इथं."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पडद्याला नाक लावून बसलं असेल, तर लगेच वयावर जाऊ नका. रिझोल्यूशन पूर्ण राहू द्या, स्केल वाढवा. आणि किती, ते तुम्ही ठरवू नका. बसणाऱ्याला विचारा, आणि त्याचं ऐका.