ढेकण्याच्या पुस्तकातल्या निळ्या खुणा

हरेश घरतला आमच्या ग्रंथालयातल्या दीपाशी लग्न करून काय काय मिळणार होतं, ते मी आधीच मोजून ठेवलं होतं. नोकरीत कायम होऊ घातलेली बायको. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सासऱ्याला मिळालेला साडेबारा टक्क्यांतला प्लॉट, आणि मुलीला भाऊ नाही म्हणजे प्लॉटला वाटेकरी नाही. सासुरवाडी पनवेलातच, म्हणजे रविवारचं मटण ठरलेलं. माझ्या वाट्याला येणार होती मानाची साडी, कारण स्थळ मी आणलं होतं. रंगही मनात ठरवून ठेवला होता, मोरपंखी.

मुलगा तसा नाव ठेवण्यासारखा नव्हता. तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, वाकून नमस्कार करणारा, ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य पाठ असलेला. खिशात कायम एक पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. कामगारांनी भरलेल्या तक्त्यांवर बरोबर ते निळं, चूक ते लाल. दीपाला रोज बघता यावं म्हणून तो आमच्या ग्रंथालयाचा सभासद झाला. नोंदवहीत सहीसुद्धा निळीच करायचा.

त्या वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, अख्खं गाव एका विनोदी कादंबरीसाठी नंबर लावून बसलं होतं. नाव ‘आधी माझं ताट’. नायक आबा ढेकणे. हा माणूस लग्नात पहिल्या पंगतीला बसतो आणि शेवटच्या पंगतीबरोबर उठतो. चारचौघांत ढेकर देतो आणि त्यावर दाद मागतो. बायकोला तर पायपुसण्याएवढीही किंमत देत नाही. वाचकांनी समासात पेन्सिलीने त्याचा यथेच्छ उद्धार केला होता. ‘मेल्या’. ‘हा आमच्या सेक्शनला आहे’. ‘उलथनं हाण बाई, उलथनं’. कुणी निनावी नव्हतं. सगळ्यांची अक्षरं मी रोज नोंदवहीत बघते.

दीपाने नंबर डावलून ते पुस्तक हरेशला दिलं. दोघांनी मिळून हसायला काहीतरी हवं, एवढाच तिचा हेतू. पाचव्या दिवशी त्याने कारखान्याच्या शिपायाबरोबर परत पाठवलं. साखरपुडा येत्या रविवारी होता.

मंगळवारी सरकारी निरीक्षक तपासणीला येणार म्हणून मी खोडरबर घेऊन बसले. ‘मेल्या’ खोडलं, ‘उलथनं’ खोडलं. एकेचाळिसाव्या पानावर ढेकणे मटणातल्या नळ्या स्वतःच्या ताटात ओढतो आणि उरलेल्या रश्शात पाणी घालून बायकोला वाढतो. ‘तुला तिखट सोसत नाही गं.’ शेजारी निळी खूण. बरोबर.

मला वाटलं, चुकून झाली असेल. पुढे बायकोची पत्रं तिच्याआधी हा फोडतो, तिथे निळी खूण. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर बायकोच्या नोकरीचं पत्र येतं. ढेकणे ते तांदळाच्या डब्यात तळाशी घालतो आणि महिनाभर तिचीच समजूत काढतो, ‘नशिबात नव्हतं’. त्या पानावर शिव्यांना जागा पुरली नव्हती. त्या गर्दीत निळ्या अक्षरात एक शेरा: ‘शांतपणे काम केलं. आरडाओरडा नाही.’

अशा सतरा खुणा. दीपाचं कायम झाल्याचं पत्र महिन्याभरात यायचं होतं.

खरं सांगायचं तर त्या शेऱ्यावर मी रबर फिरवला. साडी डोळ्यांपुढे होती. पण निळं शिसं पसरतं, जात नाही. वर बघितलं तर मागे दीपा उभी. किती वेळ उभी होती, मी विचारलं नाही.

गुरुवारी पहिली पाळी संपवून हरेश आला.

“वाचलंत?” दीपाने विचारलं.

“वाचलं ना. काय हलकट माणूस हो. असल्यांना घराबाहेर काढलं पाहिजे.”

“काय आवडलं त्यात?”

“सगळंच. हसून हसून पोट दुखलं.”

तिने अठ्ठ्याऐंशी पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. “पेन्सिल बघू.”

त्याचा हात खिशावर गेला. “अहो, सवय असते ती. दिवसभर तेच काम.”

“बरोबर ते निळं ना?”

“गोष्टीतलं आहे ते. गोष्टीतल्या माणसावरून तुम्ही माझी परीक्षा घेणार?”

“मी कुठे घेतली? पेपर तुम्हीच सोडवून दिलात.”

तो माझ्याकडे वळला. “नीताताई, सांगा हिला काहीतरी. अजून घरात आली नाही तर ही थेरं.”

‘तुम्ही’वरून ‘ही’वर यायला त्याला एवढाच वेळ लागला. दीपाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पुस्तकात लिहिणाऱ्याने पुस्तकाची किंमत भरायची, असा आमचा नियम. त्याने बत्तीस रुपये टेबलावर टाकले.

“मग आता पुस्तक माझं.”

“नियमाने तुमचं,” मी म्हणाले आणि पावती फाडली. तो पुस्तक बगलेत मारून गेला.

दीपाने साखरपुड्याला नकार दिला. तिचे वडील काशिरामशेठ कपाळाला हात लावून बसले. “पुस्तकापायी सोयरीक मोरली. लोकांना आमी काय सांगाचा?”

“सांगा, पोरीला वाचाला येतं,” तिची आई म्हणाली.

लोक मात्र ऐकून घ्यायला आले नव्हते, बोलायला आले होते. ‘मेल्या’ लिहिणाऱ्या बाईंनी मला बाजारात गाठलं. “पेन्सिलच ना ती? त्याने प्रत्यक्षात काही केलं होतं का?” ‘आमच्या सेक्शनला’वाले म्हणाले, मुली फार वाचायला लागल्यात. ढेकण्याला शिव्या घालणारं सगळं गाव हरेशच्या बाजूने उभं राहिलं. पुस्तकातल्याला शिवी घालायला जातं काय?

सहा महिन्यांत हरेशचं लग्न झालं. मुलगी लांबची, सुनीता नावाची. स्थळ कुणी आणलं माहीत नाही. मी नाही, एवढं समाधान मी करून घेतलं.

दोन वर्षांनी, एका सकाळी, एक बाई मोठी पिशवी घेऊन ग्रंथालयात आली. दीपा तोवर कायम होऊन माझ्याशेजारच्या टेबलावर बसत होती. बाईने तिच्यापुढे ‘आधी माझं ताट’ ठेवलं.

“आतून शिक्का तुमचा आहे. ठेवून घ्या.”

“हे विकलं गेलंय,” मी म्हणाले.

“असू दे. पावती नको.” दारात ती थांबली. “मोऱ्याच्या धक्क्याला जायचं तर उरणची एसटी कुठे लागते? मुंबईची लाँच गाठायची आहे. बहीण राहते तिकडे.”

दीपाने तिला स्टँडचा रस्ता दाखवला. ती गेल्यावर आम्ही पुस्तक उघडलं. एकेचाळिसाव्या पानावर निळ्या खुणेशेजारी त्याच पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाने तारीख घातली होती. लाल. पुढच्या खुणेशेजारीही तारीख. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर माझ्या रबराचा निळा डाग तसाच होता. त्याखाली लालमध्ये: ‘१४ जून. बालवाडीच्या नोकरीचं पत्र. तांदळाच्याच डब्यात. दुसरी जागासुद्धा सुचली नाही.’

दीपाने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

तर कुणी काय भरलं ते असं. काशिरामशेठांचा हॉलचा विसार बुडाला. दीपाने वर्षभर गावाची बोलणी खाल्ली. माझी साडी गेली, आणि ते पुस्तक नियमावर बोट ठेवून त्याच्या हातात दिलं ते मीच. हरेशने बत्तीस रुपये दिले, तेही पावती घेऊन. बाकी सगळं सुनीताने भरलं. सतरा निळ्या खुणा होत्या. चौदांपुढे तारखा पडल्या होत्या.