बाजा लागला की कोणी हलायचं नाही

धामणगाव बढ्याला लाईट आली आणि मागोमाग रामरावांच्या घरात बाजा आला. बाजा म्हणजे रेकॉर्डप्लेअर. मलकापूरला कापूस घालून येताना रामरावांनी तो गाडीत सारा रस्ता मांडीवर धरून आणला. नवरी आणतानासुद्धा या माणसानं एवढं जपलं नव्हतं, असं त्यांची बायको जनकाबाई बोलली. मनात. त्या घरात बायका पुष्कळ बोलत, सगळं मनात.

घराची चूल मागे, विहीर पुढे आणि दोन्हींच्या मधे मधलं घर. मधल्या घराखाली धान्याचं तळघर, वर सागवानी फळ्या. फळ्या आजोबांच्या वेळच्या. एका टोकाला पाय पडला की दुसऱ्या टोकाची भांडी वाजत. रामरावांची गादी तिथे म्हणून लाईटचं बटण तिथे, आणि बटण तिथे म्हणून बाजाही तिथेच, टेबलावर.

पहिल्या संध्याकाळी गावची मोठी माणसं जमली. तबकडी फिरली, गवळण सुरू झाली, आणि रामरावांची सून पंचफुला कमरेवर हंडा घेऊन विहिरीकडून चुलीकडे निघाली. फळी दबली, टेबल डुललं, सुईनं उडी मारली. गाण्यातली राधा यमुनेला निघाली होती ती एकदम घरी परत आली. पुन्हा निघाली. पंचफुलेनं दुसरं पाऊल टाकलं, राधा पुन्हा घरी.

"कावो रामराव," भगवानराव म्हणाले, "तुमच्या घरी राधा बी पाण्याच्या खेपाच करते काय?"

सगळे हसले. भगवानराव जमिनीनं रामरावांच्या तोलाचे, त्यामुळे त्यांचं हसणं जास्त लागलं.

"ये! उभी राह्य तिथंच!" रामराव सुनेवर ओरडले. आणि मग साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून बाजा लागला का जो जिथं हाय तिथं. कुटणं बंद, दळणं बंद, चालणं बंद. हलला त्याची तंगडी तोडीन!"

पंचफुलेला सातवा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा मूल पोटातच गेलं. दवाखान्यातली नर्स बेबीताई घरी येऊन सांगून गेली होती, "हिले जड उचलू देऊ नका. दिवसातून घडीभर तरी पाय वर घेऊन बसू द्या." जनकाबाईनं बेबीताईला जातीमुळं ओट्यावरच बसवलं, आणि तिचं सांगणंही ओट्यावरच राहिलं. "आम्ही काय बाळंत झालो नाही? काम केलं का पोरगं सुटसुटीत होते," असं जनकाबाईचं शास्त्र. पंचफुलेचा नवरा शेतावर, आणि बापापुढे त्याची जीभ टाळूला चिकटलेली. गाभण म्हशीला रामराव उतारावरून हाकू देत नसत, गड्याला शिव्या घालत. सुनेच्या खेपा मात्र कोणाच्या डोळ्यांत आल्या नाहीत.

अशा घरात रामरावांनी हुकूम काढला, की बसा.

पंचफुला दोन दिवसांत शिकली. दिवेलागणीला सासरा तबकडी पुसायला लागला की ती रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे सटकायची. सुई टेकली की विहिरीच्या ओट्यावर बसायची, पाय लांब करायची. सासू चुलीपाशी अडकलेली. मधे फळ्या, फळ्यांवर बाजा, बाजाशेजारी तिचा नवरा. जनकाबाई मागच्या दारातून हातवारे करी, डोळे वटारी, मुक्यानं शिव्या देई. पंचफुला आधी हात जोडी, मग बाजाकडे बोट दाखवी. मी काय करू, आत्याबाई? हुकूम हाय.

घरची मोलकरीण तानुबाई तिच्याशेजारी टेकायची. "बाई, माह्या जन्मात मालकानं पयल्यांदा चांगलं काम केलं," ती कुजबुजायची. "देवा, अजून धा थाळ्या आणू दे त्याले."

रामराव एकामागून एक तबकड्या लावत. ती तास-दीड तासाची बैठक पंचफुलेचं औषध झाली. पायांची सूज उतरली. रात्री पोटातलं लेकरू लाथा मारू लागलं, आणि ती मोजत नसे, फक्त हसत असे.

मग दिवाळीला जावई आले. शेषराव. अकोल्याला सरकारच्या रस्ते खात्यात ओव्हरसियर. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसापासून सावध तरी राहता येतं.

त्यांनी एक संध्याकाळ सारं घर पुतळ्यासारखं थिजलेलं पाहिलं आणि त्यांना कीव आली. "मामा, हे काय? बायकांचे कामधंदे अडून राह्यले. याचा बंदोबस्त मी करतो."

आधी त्यांनी बाजाखाली कापसाची गादी घातली. बाजा चिखलात बसलेल्या म्हशीसारखा एका अंगावर कलला. मग सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती खाली ठेवली. आता कोणी चाललं की बाजा डुले, आणि चालणारा गेला तरी डुलतच राही. तानुबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. पंचफुला हसत नव्हती. ती मनातल्या मनात कापसाला आणि ट्यूबला हात जोडत होती.

तिसऱ्या दिवशी शेषरावांनी भिंतीला कान लावला, फळीवर पाय आपटला आणि टिचकी वाजवली. "फळी हलते, भिंत नाही हलत!" भिंत दगडामातीची, दोन हात जाड. गवंडी बोलावून त्यांनी भिंतीत शहाबादी फरशी रोवून घेतली, बटणापासून वायर ओढली आणि बाजा फरशीवर चढवला. जमिनीशी त्याचा संबंधच तोडून टाकला.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "भरला हंडा घेऊन या. चाला आता फळ्यांवरून. भ्यायचं नाही, पाय आपटत चाला!"

पंचफुला चालली. तिनं खरोखरच पाय आपटला, दातओठ खाऊन आपटला. भांडी वाजली, खिडकीची कडी वाजली. राधा मात्र सरळ यमुनेला पोचली.

"अजून एक खेप!" जावई म्हणाले. तिनं पाच खेपा केल्या. घरानं टाळ्या वाजवल्या. जनकाबाईनं जावयावरून बोटं मोडून दृष्ट काढली. "माह्या घराचे हातपाय मोकळे केले हो जावाईबापू!"

जावई अकोल्याला गेले. आता बाजा गात होता आणि घर राबत होतं. मिरची कुटली जात होती, धुणं आपटलं जात होतं, पंचफुला गवळणीच्या तालावर पाणी भरत होती. पायांची सूज आठवडाभरात पोटरीपर्यंत चढली. आणि एके दिवशी लेकरू हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मागल्या दोन्ही वेळी असंच झालं होतं, आधी गप्प आणि मग रक्त. तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "झोपलं असंन."

त्याच संध्याकाळी भगवानराव आले. बाजा चालू होता. ते पायताणासकट फळ्यांवरून दणदण चालत आले आणि गाणं लागलेलं असताना मोठमोठ्यानं कापसाचा भाव सांगत बसले. त्यांच्यामागून गडी गेला, गड्यामागून कुत्रं गेलं. रामराव "हं, हं" करत राहिले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. हे पंचफुलेनं दारातून पाहिलं, आणि तिला एक गोष्ट लख्ख कळली. सासऱ्याला गाण्याची हौस कधी नव्हतीच. त्याला हौस होती थांबलेल्या घराची. बोट उचललं की बायको, सून, गडी, पाहुणे सगळे श्वास धरून उभे. जावयानं सुईची उडी थांबवली आणि सासऱ्याचं राज्य बुडवलं.

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून सून जे सासऱ्याला सांगायचं ते दुसऱ्याला सांगते. भगवानराव गेल्यावर पंचफुला दाराआड उभी राहिली आणि तानुबाईला म्हणाली, मोठ्यानं:

"काऊन वं तानुबाई, पह्यले मामंजीचा बाजा लागला का माणूस जागचा हलत नव्हता. आता तं कुत्रं बी भेत नाही."

तानुबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. "खरं हाय बाई. भगवानराव पाय आपटत आले, मालकाच्या तोंडावर! पह्यले असते तं दारातच उभे राह्यले असते, हात जोडून."

"जाऊ दे माय. आता भिंतीले टांगलेल्या वस्तूचा कोण मान ठेवते?"

आतून खोकल्याचा आवाज आला.

सकाळी रामरावांनी गड्याकडून बाजा उतरवला आणि पुन्हा फळ्यांवरच्या टेबलावर मांडला.

"अहो, जावाईबापूनं एवढं केलं..." जनकाबाई म्हणाली.

"जावायाले रस्ते समजतात, गाणं नाही समजत! भिंतीत आवाज कोंडून राह्यला. मले मजा नाही येत," रामराव गरजले. "अन् ऐकून घ्या सारेजण. या बारीनं कोणी हललं ना, तं मंग तंगडी नाही, मान!"

दिवेलागणीला सुई टेकली. पंचफुला विहिरीच्या ओट्यावर बसली, पाय वर घेतले, पोटावर हात ठेवला. मागच्या दारातून जनकाबाईनं एक पाऊल पुढे टाकलं. फळी दबली, राधा घरी परतली.

"जनके!" रामराव असे किंचाळले की जनकाबाई होती तिथे भुईवर बसली. लग्न झाल्यापासून दिवेलागणीला ती पहिल्यांदाच बसली असेल.

एक तबकडी संपली. दुसरी लागली. पंचफुला वाट पाहत होती. गाणं कोणतं चाललंय हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिसऱ्या तबकडीच्या मधेच कुठेतरी तिच्या तळहाताखाली काहीतरी सरकलं. मग थांबलं. मग एक टोला बसला, डाव्या बाजूला, चांगला जोराचा.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हुकूम होता, म्हणून ती हललीही नाही, डोळे पुसायलासुद्धा नाही.

रामरावांनी ते दारातून पाहिलं. छाती फुगवून ते बाजूच्या माणसाला म्हणाले, "पाह्यलं? माही सून. ऐकणं म्हंतात ते याले."

आणि तबकडी संपल्याबरोबर त्यांनी ती उलटवून पुन्हा लावली.